‘लुलू’ आणि चार कान : एका वादग्रस्त रॉक अल्बमचा मुंबईतला प्रकरण अभ्यास

अमेरिकी रॉक गायक-गीतकार लू रीड आणि हेवी मेटल बँड मेटालिका यांचा ‘लुलू’ हा अल्बम ३१ ऑक्टोबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच संध्याकाळी मेटालिकाने बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर भारतातला आपला पहिला कार्यक्रम केला होता. त्याआधी दोन दिवस ठरलेला गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता आणि तिथे प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली होती. त्यामुळे बंगळूरला जे पोचले त्यांना आपण काही तरी पदरात पाडून घेतल्यासारखे वाटत होते. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसने गेलेल्यांमध्ये गिरगाव, लालबाग, डोंबिवलीकडची मराठी मुले पुष्कळ होती. लहानपणापासून कॅसेटवर ऐकलेली गाणी त्यांनी त्या रात्री घसा बसेपर्यंत म्हटली. त्या मंचावर ‘लुलू’मधले एक अक्षरही वाजले नाही. ही मुले घरी परतली तेव्हा त्याच बँडचा नवा अल्बम आलेला होता आणि त्यात एक वयस्कर माणूस गिटारांच्या गडगडाटावर, सुरात न गाता, एका बाईच्या यातनांविषयी बोलत होता.

तेव्हा सुरू झालेला वाद आमच्या ओळखीच्या वर्तुळात अजून मिटलेला नाही. एका बाजूला ‘लुलू’ म्हणजे दोन मोठ्या नावांनी केलेली फसवणूक मानणारे आहेत, दुसऱ्या बाजूला रॉकमध्ये इतके धाडस क्वचितच झाले असे म्हणणारे आहेत, आणि दोघांनीही बहुधा तो शेवटपर्यंत ऐकलेला नसतो. म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत आमची जी श्रवणबैठक भरते, तिथे तो सलग आणि मध्ये कोणीही न बोलता ऐकायचा असे ठरले. त्या बैठकीत काय झाले आणि मतभेद नेमके कुठून फुटले, हे इथे मांडत आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. या अल्बममध्ये एक खरा दोष आहे आणि तो कानांना दाखवून देता येतो. परंतु विरोधक त्याला ‘हे मेटल नाही’ असे म्हणतात, समर्थक त्याला ‘धाडस’ म्हणतात, आणि या दोन्ही नावांखाली तो दोष झाकला जातो.

अल्बम कसा घडला

रीड आणि मेटालिका २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रॉक कलाकारांचा गौरव करणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात एकत्र वाजले आणि पुढे एकत्र काही करावे असे ठरले. सुरुवातीचा बेत रीडची जुनी गाणी नव्याने मुद्रित करण्याचा होता. परंतु रीडने त्या सुमारास दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनच्या बर्लिनमधल्या एका नाट्यप्रयोगासाठी गाणी लिहिली होती, आणि मुद्रणाच्या तोंडावर त्याने जुन्या गाण्यांचा बेत सोडून हीच संहिता बँडपुढे ठेवली. मूळ नाटके जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंड याची : ‘अर्थ स्पिरिट’ १८९५ चे आणि ‘पँडोराज बॉक्स’ १९०४ चे. लुलू नावाची तरुणी एका श्रीमंत पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात समाजात वर चढते, तिच्याभोवतीचे लोक एकामागून एक मरतात, आणि अखेर लंडनमध्ये दारिद्र्यात असताना जॅक द रिपर या कुप्रसिद्ध खुन्याच्या हातून तिचा खून होतो. याच कथेवर संगीतकार आल्बान बेर्गने ऑपेरा रचला आणि दिग्दर्शक पाब्स्टने १९२९ मध्ये मूकपट केला.

मुद्रण कॅलिफोर्नियात सॅन राफाएलला, मेटालिकाच्या स्वतःच्या जागेत, २०११ च्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाले. सगळे एका खोलीत उभे राहून वाजवत होते, आणि रीडचा कल पहिल्या-दुसऱ्या टेकमधला, म्हणजे मुद्रणाच्या पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातला, ताजेपणा जसाच्या तसा ठेवण्याकडे होता. मेटालिकाचा एरवीचा रिवाज याच्या नेमका उलट असतो. एका रिफवर, म्हणजे गिटारच्या फिरून फिरून येणाऱ्या छोट्या स्वरओळीवर, आठवडेच्या आठवडे घालवणारा हा बँड आहे. रीड तेव्हा ६९ वर्षांचा होता. दहा गाणी, दोन सीडी आणि एकूण सुमारे ८७ मिनिटे असा ऐवज तयार झाला. त्यातले शेवटचे गाणे एकटेच साडेएकोणीस मिनिटांच्या आसपास आहे.

स्वागत कसे झाले याचे दोन आकडे पुरेत. मेटालिकाचा २००८ चा अल्बम ‘डेथ मॅग्नेटिक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला होता, तर ‘लुलू’ ३६ व्या क्रमांकावर उतरला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या तेरा हजारांच्या आसपास प्रती खपल्या. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी १ गुण दिला. प्रकाशनाआधी ‘द व्ह्यू’ या गाण्याचा छोटा तुकडा बाहेर आला होता, आणि त्यात मेटालिकाचा गायक जेम्स हेटफील्ड ‘मी टेबल आहे’ अशा अर्थाची ओळ ओरडून म्हणतो, ती ओळ थट्टेचा विषय झाली. अल्बम ऐकण्यापूर्वीच लोक छळाचे आणि मृत्यूचे प्रकार सुचवू लागले आहेत, असे रीडला मुलाखतीत सांगावे लागले. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून ८७ मिनिटांच्या कामाचा निकाल लावला गेला, आणि तो निकाल आजही ऐकीव स्वरूपात फिरत राहतो.

बैठक

आमच्या बैठकीचा नियम असा की, ज्याने अल्बम सुचवला त्याने चर्चेत सर्वांत शेवटी बोलायचे. अल्बम मी सुचवला होता, त्यामुळे मला ऐकून घ्यावे लागले आणि ते बरेच झाले. पावसाचे दिवस होते, खिडक्या बंद होत्या. ज्यांच्या मतांना या प्रकरणात वजन आहे असे चौघे जण होते. बंगळूरला गेलेला आणि आता बँकेत अधिकारी असलेला चिंचपोकळीचा गिटारवादक. पार्ल्याला गाणे शिकवणाऱ्या, ख्यालाची पक्की तालीम झालेल्या एक ताई. छबिलदासच्या दिवसांपासून प्रायोगिक रंगभूमीवर काम केलेले सत्तरीपुढचे काका. आणि अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत काम करणारा ध्वनिमुद्रक. मेटालिकाची गाणी पूर्वी ऐकलेली होती ती गिटारवादकाने आणि ध्वनिमुद्रकाने. काका रीडला त्याच्या ‘बर्लिन’ या जुन्या अल्बमपासून ओळखत होते. ताईंना दोन्ही नावे नवी होती, आणि म्हणूनच त्यांचे ऐकणे मला फार महत्त्वाचे वाटले.

गिटारवादकाचे म्हणणे त्याच्या रागामुळे हलके धरू नये. त्याने ‘विश्वासघात’ हा शब्द वापरला खरा, परंतु त्याला नीट बोलू दिल्यावर त्याने जी तक्रार मांडली ती कारागिराची होती. मेटालिकाच्या चांगल्या गाण्यात रिफ एकदा येतो, मग त्याला फाटे फुटतात, वेग बदलतो, मधला भाग वेगळ्याच स्वरात जातो आणि परत आल्यावर तोच रिफ आधीपेक्षा जड वाटतो. इथे तसे होत नाही. “पहिला विचार सुचला तो वाजवला आणि तोच ठेवला,” असे तो म्हणाला. ‘चीट ऑन मी’ हे गाणे अकरा मिनिटांहून लांब आहे, आणि त्यातली अर्धी मिनिटे बँडला पुढे काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे गेली आहेत, असे त्याचे मत पडले. हे मत मला मान्य आहे. पहिल्या टेकचा ताजेपणा जपण्याची पद्धत रीडला मानवणारी होती. मेटालिकाचे बळ मात्र घासूनपुसून घेण्यातच आहे.

काकांची बाजू याच्या अगदी विरुद्ध टोकाची होती. त्यांच्या मते हा अल्बम नाटकाच्या संहितेचे वाचन म्हणून ऐकला पाहिजे, गाण्यांचा संग्रह म्हणून नव्हे. पुरुषाने बाईची भूमिका प्रथम पुरुषी एकवचनात बोलणे हे मराठी माणसाला नवे नाही, असे सांगून त्यांनी बालगंधर्वांची आठवण काढली, आणि पुढे जो फरक सांगितला तो मला फार मोलाचा वाटतो. संगीत नाटकात पुरुष बाई होत असे तेव्हा साडी, दागिने, चाल आणि गळा या सगळ्यांनी तो पुरुषपण पुसून टाकत असे. रीड काहीच पुसत नाही. म्हातारा, कोरडा, थकलेला आवाज तसाच ठेवून तो लुलूचे शब्द उच्चारतो, त्यामुळे ते शब्द तिचे आहेत की तिला घडवणाऱ्या पुरुषांचे, हे ऐकणाऱ्याला सारखे ठरवत राहावे लागते. वेडेकिंडच्या नाटकातही लुलूला प्रत्येक पुरुष आपापल्या मर्जीचे नाव देतो, तेव्हा हा प्रश्न मूळ कथेतलाच आहे.

इथे ताईंनी हरकत घेतली. गाण्यांच्या ओळी त्यांनी छापील कागदावरून वाचल्या होत्या, आणि पहिल्याच गाण्याच्या पहिल्या ओळीत स्वतःच्या देहाचे तुकडे करण्याची भाषा पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. “काका, बाईला काय सोसावे लागते ते दाखवणे वेगळे आणि तिला ते आवडते असे तिच्याच तोंडून पुन्हा पुन्हा वदवणे वेगळे,” असे त्या म्हणाल्या. काकांनी त्यावर नाटकातल्या पात्राचे बोलणे म्हणजे लेखकाचे मत नव्हे, असे नेहमीचे उत्तर दिले. ते उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. नाटकात लुलूला उत्तर देणारी, तिला घाबरणारी, तिच्यावर प्रेम करणारी इतर पात्रे असतात आणि त्यांच्यामुळे तिच्या शब्दांना संदर्भ मिळतो. अल्बममध्ये ती पात्रे वेगळी ओळखू येत नाहीत, सगळे एकाच आवाजातून येते, आणि मध्येच हेटफील्ड एखादी ओळ गर्जून जातो. पहिल्या गाण्यात तो ‘लहान गावची मुलगी’ अशा अर्थाचे शब्द इतक्या वेळा म्हणतो की ते साक्षीदाराचे आहेत, शिकाऱ्याचे आहेत की निव्वळ धृपद आहे, हे कळेनासे होते. ताईंची हरकत त्या बैठकीत सुटली नाही, आणि माझ्याकडेही तिचे समाधानकारक उत्तर नाही.

फट कुठे आहे

संहितेचा प्रश्न तिथे ठेवून आम्ही ध्वनीकडे वळलो, आणि प्रकरणाचा गाभा इथे हाती लागला. ‘पंपिंग ब्लड’ दुसऱ्यांदा लावले तेव्हा ताई मांडीवर हाताने ताल धरत होत्या. ढोलांचे ठोके त्यांना लगेच सापडले, त्यात काही अवघड नव्हते. रीडचा आवाज मात्र त्या ठोक्यांना धरून येत नव्हता, आणि काही वेळाने त्यांनी हात थांबवला. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की, विलंबित ख्यालातही गवई ठेक्यापासून सुटून हिंडतो, शब्द लांबवतो, मात्रा ओलांडतो. पण तो समेवर येणार आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असते, आणि येतो तेव्हाच आधीच्या हिंडण्याला अर्थ मिळतो. “हा माणूस मोकळा आहे, पण समेवर येतच नाही. मग त्याच्या मोकळेपणाची मला ओढ लागत नाही.”

त्यावर ध्वनिमुद्रकाने स्वतःच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. डबिंगमध्ये नटाचा आवाज बंद खोलीत, माइकच्या अगदी जवळून घेतलेला असतो. तो जसाच्या तसा मैदानातल्या दृश्यावर लावला तर ओठांशी जुळत असूनही चिकटवल्यासारखा वाटतो, म्हणून त्याला त्या जागेचा थोडा घुमारा द्यावा लागतो, मागचा वारा, रस्ता, गर्दी यांचा ट्रॅक त्याच्याखाली आणावा लागतो. ‘लुलू’मध्ये रीडचा आवाज कोरडा आणि कानाशी आहे, तर ढोल आणि गिटारांना मोठ्या खोलीची जागा आहे. त्याने आम्हाला इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करण्याच्या साधनावर, मधल्या पट्ट्या हळूहळू उतरवून ऐकवले. आवाज मागे सरकला तसा तो बँडच्या मधोमध जाऊन बसला आणि शब्द अस्पष्ट झाले, तरी गाणे पहिल्यांदाच एकसंध वाटले. गिटारांची धार मात्र त्याबरोबर गेली. पुन्हा पट्ट्या जागेवर आणताच तो आवाज मंचाच्या कडेला एकटा येऊन उभा राहिला. एका खोलीत एकत्र वाजवून केलेला अल्बम ऐकताना दोन वेगवेगळ्या जागा ऐकू येतात, ही या प्रकरणातली सर्वांत विलक्षण बाब आहे.

काकांनी ही फट हेतुपूर्वक ठेवलेली आहे असा बचाव केला : पुरुषांच्या गदारोळात एकटी पडलेली बाई अशीच ऐकू यायला हवी. हा बचाव काही ठिकाणी खरा उतरतो. ‘मिस्ट्रेस ड्रेड’मध्ये गिटार आणि ढोल अतिवेगाने, जवळजवळ न बदलता, यंत्रासारखे धावत राहतात आणि त्यांच्यावर रीड हळू, ओढत बोलतो. पुष्कळांना हे या अल्बममधले सर्वांत असह्य गाणे वाटते. मला ते यशस्वी वाटते, कारण तिथे दोन वेगांचा विरोध हाच रचनेचा विषय आहे आणि तो शेवटपर्यंत टिकवून धरला आहे. ‘लिटल डॉग’मध्ये बँड जवळपास माघार घेतो, थोडी गिटार आणि फीडबॅक (गिटार आणि स्पीकर यांच्यातून उठणारा घोंगावता आवाज) उरतो, त्यामुळे आवाजाला जागा मिळते. परंतु ‘द व्ह्यू’ आणि ‘चीट ऑन मी’मध्ये बँड नेहमीच्या गाण्याची चौकट उभी करतो, कडवे आणि धृपद यांची अपेक्षा निर्माण करतो, आणि आवाज त्या चौकटीकडे पाहतही नाही. तिथे विरोध घडत नाही, फक्त दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. हेतू होता असे मानले तरी परिणाम साधला की नाही हे गाण्यागणिक तपासावे लागते, आणि समर्थक हे तपासण्याचे कष्ट घेत नाहीत.

समर्थक सहसा दाखल्यांचा आधार घेतात. काकांनीही घेतला. रीडचा १९७३ चा ‘बर्लिन’ त्या वेळी टीकाकारांनी झोडपला होता आणि २००६ मध्ये ब्रुकलिनमध्ये तो संपूर्ण रंगमंचावर सादर झाला तेव्हा लोक त्याला मोठी कलाकृती म्हणू लागले होते. १९७५ च्या ‘मेटल मशीन म्युझिक’मध्ये तर गाणीच नव्हती, तासाभराहून अधिक काळ निव्वळ गिटारचा फीडबॅक होता, त्याचीही २००२ मध्ये झाइटक्रात्सर या वाद्यवृंदाने स्वरलिपी करून बर्लिनमध्ये मैफल केली. रीडचे २०१३ मध्ये निधन झाल्यावर, २०१५ च्या हॉल ऑफ फेमच्या समारंभात त्याची पत्नी लॉरी अँडरसन हिने सांगितले की, ‘लुलू’ हे लूचे सर्वश्रेष्ठ काम आहे आणि लोकांना ते ‘बर्लिन’सारखे उशिरा कळेल, असे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी तिला म्हणाला होता. बोवीचा कान मोठा होता यात शंका नाही. तरीही या दाखल्यांनी काही सिद्ध होत नाही असे मी मानतो. आधी नाकारलेली आणि नंतर मान्यता पावलेली कामे आपल्या लक्षात राहतात. नाकारली गेली आणि तशीच राहिली अशी कितीतरी कामे असतात आणि त्यांची यादी कोणी करत नाही. शिवाय बोवीच्या मताने ‘चीट ऑन मी’मधली ती फट बुजत नाही.

‘ज्युनियर डॅड’

शेवटच्या गाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याने बैठकीतली विभागणी मोडली. गाणे रीडकडे आधीपासून होते. त्याने ते मेटालिकाला ऐकवले तेव्हा बँडचा गिटारवादक कर्क हॅमेट याचे वडील काही आठवड्यांपूर्वीच गेले होते; हॅमेट कंट्रोल रूममधून उठून स्वयंपाकघरात जाऊन रडू लागला, आणि तेवढ्यात हेटफील्डही रडतच तिथे आला, असे हॅमेटने सांगितले आहे. ही हकिकत मी गाणे संपेपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती.

इथे सुरावट संथ आहे, मोजकेच स्वरसमूह फिरून फिरून येतात, आणि बँड पहिल्यांदा काही सिद्ध करायला जात नाही. रीडचा आवाज तितकाच कोरडा आहे, परंतु आता त्याच्या ओळी त्या फिरणाऱ्या स्वरांच्या वळणाशी येऊन टेकतात. प्रत्येक वेळी नेमक्या ठोक्यावर नाही, पण टेकतात. ताईंनी हात पुन्हा मांडीवर ठेवला हे मी पाहिले. मदतीचा हात मागणारा, वडिलांविषयीचा आणि वडील होण्याविषयीचा तो मजकूर आहे, आणि म्हाताऱ्या आवाजाला तो मजकूर शोभतो. इथे त्याला कोणा तरुणीची भूमिका पेलायची नसते. मग शब्द संपतात, बँड ओसरतो, आणि कित्येक मिनिटे केवळ तंतुवाद्यांचा ताणलेला, जेमतेम हलणारा स्वर उरतो. रॉकच्या नेहमीच्या श्रोत्याला हा भाग निरर्थक वाटतो आणि बहुतेक जण इथे बंद करतात. तंबोऱ्याशी कान लागलेल्या ताईंना त्यात काही अडचण आली नाही. एकच स्वर लांब चालला म्हणजे त्याच्या आतले बाकीचे स्वर ऐकू येऊ लागतात, एवढेच त्या म्हणाल्या. गिटारवादकाने हे गाणे पूर्वी कधीच पूर्ण ऐकले नव्हते. “हे एक गाणे त्यांनी वेगळे काढायला हवे होते,” असे त्याने कबूल केले आणि बाकीच्या अल्बमविषयीचे आपले मत मात्र तसूभरही बदलले नाही.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी कसे ऐकावे यावर बैठकीच्या शेवटी बोलणे झाले. माझ्या मते आरंभ ‘आइस्ड हनी’पासून करावा, कारण ते साधे, सरळ चालीचे गाणे आहे आणि रीड व बँड तिथे एकमेकांच्या जवळ आहेत. त्यानंतर ‘लिटल डॉग’ आणि मग, निदान वीस मिनिटे हाताशी असतील तेव्हा, ‘ज्युनियर डॅड’. हे तिन्ही पटले तर ‘मिस्ट्रेस ड्रेड’कडे जावे. ‘चीट ऑन मी’ वगळले तरी काही गमावले असे मला वाटत नाही. काकांना हा क्रम अजिबात मान्य झाला नाही. नाटकाचे अंक आपल्या सोयीने निवडून पाहत नाहीत, आणि आधीची सत्तर मिनिटे सोसल्याशिवाय शेवटच्या गाण्याला ती किंमत येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिमुद्रक माझ्या बाजूने होता. ताईंनी पुढच्या वेळी वेडेकिंडची नाटके इंग्रजी भाषांतरात का होईना आधी वाचून घ्यावीत, मग क्रमाचे ठरवावे असे सुचवले, आणि नाटकांची प्रत मिळवण्याचे काम काकांनी आपल्याकडे घेतले.